एकच रूप, वेगवेगळी कुळे: सारख्या दिसणाऱ्या शब्दांविषयी

मूळ लेख

मराठीत शिक्षा होणे ही नामुष्की असते आणि हिंदीत शिक्षा मिळणे हे भाग्य असते. अशा जोड्यांच्या याद्या आपण सर्वांनीच वाचलेल्या आहेत. त्या वाचताना गंमत वाटते, पण त्यांत एक गोष्ट हमखास राहून जाते आणि तिच्यासाठीच हा धागा काढत आहे. सारखे दिसणारे शब्द दोन अगदी निराळ्या कारणांनी सारखे दिसतात. काही ठिकाणी तो खरोखरच एक शब्द असतो आणि निरनिराळ्या भाषांत गेल्यावर त्याला निरनिराळे अर्थ चिकटलेले असतात. काही ठिकाणी मात्र ते मुळातच वेगळे शब्द असतात आणि उच्चार झिजत झिजत योगायोगाने एका रूपावर येऊन थांबलेले असतात. पहिल्या प्रकारात अर्थाचा माग काढावा लागतो, दुसऱ्यात ध्वनींचा. या दोहोंची गल्लत झाली की व्युत्पत्तीच्या नावाखाली वाटेल ते खपते.

पहिल्या प्रकारासाठी 'संसार' हा शब्द घेऊ. संस्कृतात 'सम्' हा उपसर्ग आणि 'सृ' म्हणजे सरणे, वाहणे हा धातू मिळून तो तयार झाला. जन्ममरणाच्या फेऱ्यातून सतत वाहत राहणे हा त्याचा तत्त्वज्ञानातला अर्थ. हिंदीत 'सारा संसार' म्हणजे सगळे जग. मराठीत संसार थाटला जातो, मोडतो, नेटका केला जातो; म्हणजे जगाचा व्याप आक्रसून चार भिंतींच्या आत आला. बंगालीतही घरसंसार हाच अर्थ चालतो. तमिळमध्ये 'संसारम्' म्हणजे पत्नी. समुद्र ओलांडून हाच शब्द मलय आणि इंडोनेशियन भाषांत गेला, तिथे तो 'संगसारा' झाला आणि त्याचा अर्थ झाला हालअपेष्टा. थाई भाषेत 'सोंगसान' म्हणजे कीव, दया. जग, घर, बायको, दुःख आणि कणव हे अर्थ एकमेकांशेजारी ठेवले तर ते एकाच शब्दाचे आहेत यावर विश्वास बसणार नाही. पण तत्त्वज्ञानातला मूळ अर्थ मध्ये ठेवला की प्रत्येक फाटा कुठून फुटला ते दिसू लागते. संसार दुःखमय आहे ही शिकवण जिथे पोचली तिथे दुःख हाच शब्दार्थ झाला, आणि दुःखी जिवाकडे पाहून जे वाटते तेही त्याच नावाने ओळखले जाऊ लागले.

आता दुसरा प्रकार. त्यासाठी आपल्याच भाषेतला 'सर' पुरेसा आहे. 'वर्गात सर आले' यातला सर इंग्रजीतून आला, इंग्रजीत तो फ्रेंचमधून आला, आणि त्याच्या मुळाशी लॅटिनमधला 'सेनिओर' म्हणजे वयाने मोठा हा शब्द आहे. 'सरदार', 'सरकार', 'सरहद्द' यांतला सर फारसी आहे आणि त्याचा अर्थ डोके. 'पावसाची सर आली' यातली सर वाहण्याशी, म्हणजे पुन्हा 'सृ' धातूशी नाते सांगते. मोत्यांचा सर निराळा. 'याची सर त्याला येणार नाही' यातली बरोबरी दाखवणारी सर आणखी निराळी. दोन अक्षरांत इतकी गर्दी आहे आणि तरीही बोलताना कोणाचाही गोंधळ होत नाही.

यातली मला सर्वांत विलक्षण वाटणारी गोष्ट सांगतो. फारसी 'सर' आणि संस्कृत 'शिरस्' ही एकाच मूळ शब्दाची दोन रूपे आहेत. इंग्रजी सरच्या मुळाशी असलेल्या लॅटिन शब्दाचा संस्कृतातला नातलग आहे 'सन', म्हणजे जुना, ज्यापासून 'सनातन' झाला. म्हणजे रूप जुळणाऱ्या दोन सरांचे एकमेकांशी काहीही नाते नाही, आणि ज्यांच्याशी खरे नाते आहे ते शिर आणि सनातन हे शब्द त्यांच्यासारखे दिसतही नाहीत. तोंडवळ्यावरून नाते ठरवू नये, हे माणसांपेक्षा शब्दांच्या बाबतीत अधिक खरे आहे.

आपल्याला माहीत असलेल्या भाषांतील अशी उदाहरणे येथे द्यावीत अशी विनंती आहे. फक्त शब्द आणि अर्थ देऊन थांबू नये. ते एकाच मुळाचे आहेत की वेगळ्या, हेही शक्यतो लिहावे.

प्रतिसाद १

उत्तम विषय. 'सर' विषयी एक छोटी भर घालतो. 'सर आले', 'सर आली' आणि 'किल्ला सर केला' या तीन वाक्यांत गोंधळ का होत नाही, याचे उत्तर व्याकरणात आहे. पहिला शब्द आदरार्थी पुल्लिंगी, दुसरा स्त्रीलिंगी, आणि तिसरा 'करणे' या क्रियापदाला जोडून येणारा. रूप एक झाले तरी लिंग आणि सोबतचे क्रियापद यांनी शब्द वेगळे ठेवले जातात. ज्या दोन शब्दांचे लिंग, प्रकार आणि वापराची जागा हे सगळेच एक होते, त्यांतल्या एकाला बहुधा मागे हटावे लागते.

प्रतिसाद २

माझे शिक्षण मल्याळमभाषक भागात झाले असल्यामुळे 'संसार' वाचून राहवले नाही. मल्याळममध्ये 'संसारम्' म्हणजे बोलणे, संभाषण. 'संसारिक्कुक' म्हणजे बोलणे हे क्रियापद. तेव्हा आपल्या यादीत जग, घर, पत्नी, दुःख, दया यांच्या जोडीला वाणीही लिहून घ्यावी.

दक्षिणेकडच्या भाषांत संस्कृत शब्द विपुल आहेत, पण त्यांनी आपापल्या स्वतंत्र वाटा धरल्या आहेत. 'अवकाश' पाहा. मराठीत 'त्याला अजून अवकाश आहे' म्हणजे वेळ आहे, आणि अवकाशयान म्हणजे अंतराळात जाणारे यान. हिंदीत अवकाश म्हणजे सुट्टी. तेलुगू आणि कन्नडमध्ये संधी. मल्याळममध्ये 'अवकाशम्' म्हणजे हक्क, इतका पक्का की मानवी हक्कांना 'मनुष्यावकाशम्' म्हणतात. मोकळी जागा हा मूळ अर्थ धरला तर काळातली मोकळी जागा म्हणजे सवड, कामातली मोकळी जागा म्हणजे सुट्टी, पुढे सरकायला मोकळी जागा म्हणजे संधी, आणि कोणी अडवू नये अशी मोकळी जागा म्हणजे हक्क. येथे सगळे अर्थ एका सूत्रात बसतात.

'उपन्यास' मात्र पाहुण्याला हमखास फसवतो. हिंदी आणि बंगालीत उपन्यास म्हणजे कादंबरी; कन्नड आणि तेलुगूत उपन्यास म्हणजे व्याख्यान. संस्कृतात 'जवळ आणून ठेवणे, मांडणे' हा अर्थ होता. कथा मांडली की कादंबरी, विचार मांडला की व्याख्यान. आणि मराठी व कन्नड या दोन भाषांनी कादंबरीसाठी बाणभट्टाच्या नायिकेचेच नाव घेतले. सातव्या शतकातल्या एका कृतीचे विशेषनाम एका संपूर्ण साहित्यप्रकाराचे सामान्यनाम झाले, याची जोड दुसरीकडे क्वचितच सापडेल.

प्रतिसाद ३

फारसी आणि अरबीतून मराठीत आलेल्या शब्दांकडे या दृष्टीने पाहायला हवे, कारण ते आपल्या रोजच्या बोलण्यात इतके मुरले आहेत की परके वाटतच नाहीत.

'हरकत' हा अरबीत हालचाल या अर्थाचा शब्द आहे. उर्दू-हिंदीत 'हरकत' म्हणजे हालचाल, आणि पुढे नको ते वागणे. मराठीत हरकत म्हणजे आक्षेप, अडचण. 'काही हरकत नाही' हे वाक्य दिवसातून कितीदा तरी आपल्या तोंडी येते. 'राजीनामा' उर्दूत दोन्ही पक्ष राजी झाल्याचा, म्हणजे तडजोडीचा कागद. मराठीत राजीनामा म्हणजे पद सोडल्याचा कागद, ज्याला हिंदीत इस्तीफा म्हणतात. 'तालीम' अरबीत शिक्षण, मराठीत कुस्तीचा आखाडा आणि नाटकाचा सराव. 'शिकस्त' फारसीत मोडणे, पराभव. मराठीत 'प्रयत्नांची शिकस्त केली' म्हणजे प्रयत्नांची पराकाष्ठा केली. हे सगळे मूळ लेखातल्या पहिल्या प्रकारचे, म्हणजे एकाच शब्दाचे भिन्न अर्थ.

दुसऱ्या प्रकारचे फार सुंदर उदाहरण आपल्या दोन म्हणींत दडलेले आहे. 'गरज सरो, वैद्य मरो' आणि 'गरजेल तो पडेल काय'. पहिल्या म्हणीतली गरज अरबी 'ग़रज़', म्हणजे लक्ष्य, हेतू. उर्दूत 'खुदगर्ज' म्हणजे स्वार्थी, स्वतःचाच हेतू पाहणारा. मराठीत मात्र त्याच शब्दापासून 'गरजू' झाला, जो बिचारा मदतीला पात्र आहे. दुसऱ्या म्हणीतले गरजणे संस्कृत 'गर्ज्' धातूचे. एक शब्द अरबस्तानातून आला, दुसरा घरचाच, आणि मराठीच्या उच्चारात दोघे एकमेकांच्या शेजारी येऊन बसले.

आत्ता मी 'बिचारा' लिहिले, तोही पाहण्यासारखा आहे. तो फारसी 'बे-चारा', म्हणजे ज्याला उपाय उरला नाही असा. 'लाचार' मध्येही तोच चारा आहे. गुरांना घालतात तो चारा 'चर्' धातूचा. दोन्ही चाऱ्यांचा परस्परांशी संबंध नाही.

प्रतिसाद ४

चर्चा वाचली. माझी एक शंका आहे आणि ती मी आदरपूर्वक मांडतो. इंग्रजी 'बॅड' आणि आपल्याकडच्या बदनाम, बदसल्ला यांतला 'बद' यांचा अर्थ एक आणि उच्चारही जवळजवळ एक. इंग्रजी 'कट' म्हणजे कापणे, आणि संस्कृतात 'कृत्' म्हणजेही कापणे. इंग्रजी आणि संस्कृत या एकाच भाषाकुलातल्या आहेत हे भाषाशास्त्रज्ञच सांगतात. मग रूप आणि अर्थ दोन्ही जुळत असताना त्यांना योगायोग म्हणणे हा अट्टाहास नाही का? रूप जुळले आणि अर्थ वेगळा असेल तर योगायोग मान्य करता येईल; दोन्ही जुळल्यावरही नाते नाकारायचे, हे पटत नाही.

धागालेखक

प्रतिसाद ४ मधला प्रश्न या विषयाच्या गाभ्याचा आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

इंग्रजी आणि संस्कृत एका कुळातल्या आहेत हे खरेच आहे, आणि नेमके त्याच कारणामुळे ही जोडी संशयास्पद ठरते. भाषाकुल सिद्ध झाले ते शब्द सारखे दिसतात म्हणून नव्हे, तर ते नियमाने वेगळे दिसतात म्हणून. 1786 साली विल्यम जोन्स यांनी संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांचे मूळ एक असावे असे कलकत्त्याच्या व्याख्यानात सांगितले, पण त्या विधानाला शास्त्राचा आधार मिळाला तो पुढच्या पिढीत. 1822 साली याकोब ग्रिम यांनी मांडलेला नियम असा की मूळ भाषेतला 'प' जर्मानिक, म्हणजे इंग्रजी, जर्मन यांच्या गटातल्या भाषांत 'फ' होतो, 'त' चा 'थ' होतो, 'क' चा 'ह' होतो. म्हणून पितृ आणि फादर, पाद आणि फूट, पंच आणि फाइव्ह, त्रि आणि थ्री. संस्कृत 'शत' मधला 'श' मुळात 'क' सारखाच ध्वनी होता, लॅटिनमध्ये तो 'केंतुम' असा टिकला आणि इंग्रजीत 'हंड्रेड' झाला.

आता 'कट' पाहा. संस्कृत 'कृत्' मधल्या 'क' चा सख्खा नातलग इंग्रजीत असेल तर त्याची सुरुवात 'ह' ने व्हायला हवी. इंग्रजी कट 'क' ने सुरू होतो, म्हणजे तो त्या वाटेने आलेला नाही. जे जास्त सारखे आहे तेच येथे नात्याच्या विरुद्ध साक्ष देते. हे पहिल्यांदा ऐकताना उलटे वाटते, पण एकदा समजले की या शास्त्राची सगळी शिस्त त्यातच आहे हे लक्षात येते.

'बद' ची गोष्ट याहून सोपी आहे. फारसी बदचे जुने रूप 'वद' असे होते. जसजसे मागे जावे तसतसे ते इंग्रजी बॅडपासून दूर जाते. दोन खरे नातलग शब्द मागे जाताना एकमेकांच्या जवळ यायला हवेत. जे आज जवळ आणि काल दूर, ते योगायोगाने भेटलेले.

आणि योगायोग दुर्मीळ असतो हे गृहीतकही तपासून पाहावे. समजा एखाद्या भाषेत 20 व्यंजने आणि 5 स्वर आहेत. व्यंजन, स्वर, व्यंजन अशा घडणीची रूपे जास्तीत जास्त 2000 होतील. भाषेत शब्द हजारोंनी असतात, आणि जगात भाषाही हजारोंनी आहेत. एवढ्या छोट्या जागेत एवढे शब्द कोंबले तर काही शब्द रूपानेही आणि अर्थानेही जुळणारच. एकही जुळला नसता तरच नवल होते.

त्याचे एक गाजलेले उदाहरण ऑस्ट्रेलियातले आहे. उत्तर क्वीन्सलँडमधील म्बाबाराम या मूळ रहिवाशांच्या भाषेत कुत्र्याला 'डॉग' म्हणत. रॉबर्ट डिक्सन या भाषाशास्त्रज्ञाने ती भाषा नोंदवताना हा शब्द ऐकला, तेव्हा तो इंग्रजीतून आला असेल असेच कोणालाही वाटले असते. पण शेजारच्या यिडिन्य भाषेत कुत्र्याला 'गुडागा' म्हणतात, आणि म्बाबाराममध्ये शब्दाचा पहिला भाग गळतो व उरलेल्या स्वरांत ठरावीक बदल होतात. तो नियम 'गुडागा' ला लावला की डॉग मिळतो. इंग्रजीचा तेथे काहीच हात नाही.

ग्रीकमध्ये डोळ्याला 'माती' म्हणतात आणि मलय भाषेत 'माता'. ग्रीक शब्द 'ओम्मातिओन' या लांब शब्दाचा झिजलेला तुकडा आहे, मलय शब्द ऑस्ट्रोनेशियन कुळातला फार जुना शब्द आहे. स्पॅनिश 'मुचो' आणि इंग्रजी 'मच' यांचा अर्थ एक, पण मुचो लॅटिन 'मुल्तुम' पासून आला आणि मच जर्मानिक शब्दापासून. लॅटिन 'देउस' आणि ग्रीक 'थेऑस', दोन्हींचा अर्थ देव, दोन्ही एकाच कुळातल्या भाषा, भूगोलाने शेजारी; तरीही देउसचे नाते आपल्या 'देव' शब्दाशी आहे आणि थेऑसचे मूळ वेगळे.

प्रतिसाद ४ (पुन्हा)

'जास्त सारखे आहे तेच नात्याच्या विरुद्ध साक्ष देते' हे आता स्पष्ट झाले. धन्यवाद. मग याच्या उलटही असणार: अजिबात सारखे न दिसणारे आणि तरी एकच असलेले शब्द.

प्रतिसाद ३ (पुन्हा)

आहेत तर. संस्कृत 'स' च्या जागी इराणी भाषांत 'ह' येतो. सप्तचे 'हफ्त' होते, आणि आपण बँकेत भरतो तो 'हप्ता' व देवळात बसतो तो 'सप्ता' यांच्या मुळाशी सात हा एकच आकडा आहे. सिंधू आणि हिंदू ही जोडी तर सर्वांना ठाऊक आहे. 'जरतारी' मधला 'जर' म्हणजे फारसीत सोने. त्याचे 'अवेस्ता' या पारशांच्या धर्मग्रंथातले रूप 'झरण्य', आणि संस्कृतात तेच 'हिरण्य'.

देव या शब्दाचा वर उल्लेख झाला म्हणून सांगतो. अवेस्तात 'दएव' म्हणजे दुष्ट शक्ती, आणि 'अहुर' म्हणजे स्वामी, परमेश्वर. आपल्याकडे देव पूज्य आणि असुर त्याज्य. शब्द तेच, नियमाने बदललेले, मूल्य मात्र उलट झालेले. ऋग्वेदाच्या जुन्या भागात वरुणासारख्या देवतांना असुर हे गौरवाने म्हटलेले आढळते, म्हणजे आपल्याकडेही ही उलथापालथ नंतरची. उर्दू कथांमध्ये 'देव' येतो तो आजही अक्राळविक्राळ राक्षस असतो.

प्रतिसाद ५

नात्यांच्या शब्दांना हे नियम लावताना सांभाळावे लागते, असे मला वाटते. बाबा, मामा, काका, दादा, नाना हे शब्द जगभर सापडतात, पण ते एकाच भाषेतून पसरले असे नाही. मूल प्रथम जे ओठांचे आणि जिभेच्या टोकाचे ध्वनी काढते, त्यांना जवळची माणसे आपापल्या परीने अर्थ देतात. भाषाशास्त्रज्ञ रोमान याकोबसन यांनी याची फार चांगली मीमांसा केली आहे. म्हणूनच अर्थांचा मेळ राहत नाही. जॉर्जियन भाषेत 'मामा' म्हणजे बाप आणि 'देदा' म्हणजे आई. स्लाव भाषांत 'बाबा' म्हणजे आजी किंवा म्हातारी. स्वाहिलीत 'बाबा' आपल्यासारखाच बाप, पण 'दादा' म्हणजे बहीण आणि 'काका' म्हणजे भाऊ. मराठी दादा थोरला भाऊ, हिंदी दादा आजोबा. हिंदी नाना आईचे वडील, मराठी नाना कोणीही वडीलधारे. संस्कृतातला 'नाना प्रकारचे' मधला नाना या सगळ्यांपासून अलिप्त, आणि जपानीत 'नाना' म्हणजे सात हा आकडा.

प्रतिसाद ६

मी शाळेत गणित आणि मराठी शिकवते, आणि या विषयाची एक बाजू मला रोज बोचते. वेग वाढला तर लागणारा वेळ कमी होतो, हे व्यस्त प्रमाण. 'व्यस्त' म्हणजे उलट. आता मुले विचारतात की प्रमाण व्यस्त आहे म्हणजे ते कशात गुंतले आहे. हिंदीतला 'व्यस्त' म्हणजे कामात गढलेला हा अर्थ मराठीत शिरला आणि आपला अर्थ पुस्तकात एकटा पडला. तसेच 'गर्व'. मराठीत गर्वाचे घर खाली आणि अभिमान हा चांगला गुण. हिंदीत नेमके उलट: अभिमानी माणूस उर्मट आणि गर्व मिरवण्यासारखा. आता मराठी फलकांवरही 'आम्हाला गर्व आहे' असे लिहिले जाते, आणि लिहिणाऱ्याला आपण स्वतःला उर्मट म्हणवून घेत आहोत हे जाणवतही नाही. अर्थ बदलतात हे मान्य. पण प्रत्येक बदलाचे स्वागतच करायचे का?

प्रतिसाद २ (पुन्हा)

कन्नडमध्ये 'अभिमानी' म्हणजे चाहता, एखाद्या नटाचा किंवा खेळाडूचा. म्हणजे या शब्दाला तिसरीकडे प्रेमाचीही छटा आहे. बाईंच्या प्रश्नावर माझे मत असे, की मूळ अर्थ हा शुद्ध आणि नंतरचा भ्रष्ट ही कसोटी टिकत नाही. ती लावली तर मराठीतला राजीनामाही चूक ठरेल आणि हरकतीलाही हरकत घ्यावी लागेल. इंडोनेशियन भाषेत 'चिंता' म्हणजे प्रेम. तिथल्या लोकांना तुमची चिंता चुकीची आहे असे आपण सांगणार का?

धागालेखक

मी येथे प्रतिसाद ६ च्या बाजूने थोडे बोलू इच्छितो. मूळ अर्थ म्हणजे खरा अर्थ असे मानायचे कारण नाही, हे मान्य. पण राजीनामा मराठीत आला तेव्हा त्याने एक रिकामी जागा भरली. 'व्यस्त' चा नवा अर्थ मात्र भरलेल्या जागेत घुसत आहे. 'मी कामात आहे', 'तो अभ्यासात गढला आहे', 'हाताला उसंत नाही' ही आपल्याकडची बोलणी त्याच्यामुळे मागे पडतात, आणि वर गणितातली एक स्पष्ट संज्ञा गढूळ होते. बदल आपल्या हातात नसला तरी लिहिताना कोणता शब्द निवडायचा हे आपल्याच हातात असते, आणि मी 'आम्हाला अभिमान आहे' असेच लिहीन.

'शिक्षा' विषयी मात्र मला मराठीचा अर्थबदल फार बोलका वाटतो. संस्कृतात शिक्षा म्हणजे शिकणे, शिकवणे, आणि वेदांगांपैकी उच्चारशास्त्राचे तर ते नावच आहे. मराठी, कन्नड, तेलुगू आणि मल्याळममध्ये तो दंडाचा शब्द झाला. शिकवणे आणि दंड करणे या कल्पना किती लगत आहेत ते 'चांगला धडा शिकवला' या बोलण्यातच दिसते. शिवाय संस्कृतातच 'शास्' या एका धातूपासून शिष्य, शास्त्र आणि शासन हे तिन्ही निघाले, आणि मराठीत 'कडक शासन झाले पाहिजे' असे आपण दंडाबद्दलच म्हणतो. चिनी आणि जपानीतही याचे प्रतिबिंब दिसते. जी दोन चित्राक्षरे जपानीत 'बेंक्यो' अशी वाचली जातात आणि ज्यांचा अर्थ अभ्यास, तीच चिनीत 'म्यानच्यांग' अशी वाचली जातात आणि अर्थ होतो इच्छा नसताना, बळजबरीने.

प्रतिसाद ७

चित्राक्षरांचा उल्लेख झाला म्हणून आणखी दोन. 'हात' आणि 'कागद' यांची दोन अक्षरे जपानीत 'तेगामी', म्हणजे पत्र. चिनीत तीच अक्षरे म्हणजे शौचालयातला कागद. आणि एकच अक्षर चिनीत 'न्यांग', आई, तर जपानीत 'मुसुमे', मुलगी. तेथे लेखन एक आणि उच्चार वेगळा असतो.

प्रतिसाद १ (पुन्हा)

लेखन एक आणि उच्चार वेगळा, हे मराठीतही घडते, आणि तेथे उच्चार आपल्याला कुळ सांगून जातो. 'जरामरण' मधला जरा म्हणजे म्हातारपण. त्यातला ज आपण 'जीवन' मधल्यासारखा तालव्य उच्चारतो. 'जरा थांबा' मधला ज दातांजवळचा. पहिला संस्कृत, दुसरा अरबी 'ज़र्रा' म्हणजे कण यावरून आलेला. वर आलेला गुरांचा चारा आणि बिचारामधला चारा मोठ्याने म्हणून पाहावा. च वेगळा ऐकू येतो. देवनागरीत हा भेद लिहिला जात नाही, म्हणून डोळ्यांना जे एक दिसते ते कानाला दोन असते. 'जरी' चे मात्र तसे नाही. 'आला जरी' मधली आणि काठावरची जरी यांचा उच्चारही एकच, मूळ मात्र वेगळे.

प्रतिसाद ८

एक संस्कृत शब्द परदेशी जाऊन ओळखू येणार नाही इतका बदलतो, याचे मला आवडणारे उदाहरण देतो. 'मंत्रिन्' मलय भाषेत 'मन्तेरी' झाला, तिथून पोर्तुगीजांनी तो 'मांदारिम' असा उचलला आणि चीनच्या दरबारातल्या अधिकाऱ्यांना लावला. इंग्रजीत तो 'मँडरिन' झाला आणि पुढे चिनी भाषेच्या प्रमाण रूपाचेच नाव ठरला. म्हणजे चिनी भाषेचे जगभर चालणारे नाव चिनी नाही, आणि आपला मंत्री त्यात आहे.

माझा एक प्रश्नही आहे. 'पण' हा मराठीतला अगदी रोजचा शब्द. 'पणाला लावणे' मधला पण, 'लहानपण' मधला पण आणि 'परंतु' या अर्थाचा पण हे तिन्ही एकच आहेत का?

धागालेखक

तिन्ही वेगळे आहेत, आणि ते एकत्र कसे आले हे नीट दाखवता येते. 'त्याने आपले मोठेपण पणाला लावले, पण उपयोग झाला नाही' या वाक्यात तिन्ही हजर आहेत. पैजेचा पण संस्कृतातून जसाच्या तसा आला. त्यातला ण मूळचाच. मोठेपण, लहानपण यांतला प्रत्यय वेदकालीन '-त्वन' या भाववाचक प्रत्ययापासून प्राकृतातल्या '-प्पण' मार्गे आला. परंतु या अर्थाचा पण 'पुनर्' पासून, प्राकृतातल्या 'पुण' वरून. शेवटच्या दोन शब्दांत मुळात न होता. प्राकृतात दोन स्वरांमधल्या न चा ण झाला, ज्या नियमाने पानीयचे पाणी आणि जनचा जण झाला, आणि त्याच नियमाने हे दोन्ही शब्द पैजेच्या पणाशेजारी येऊन पोचले. 'पुनर्' चे दुसरे रूप मराठीत 'पुन्हा' म्हणून वेगळे टिकले आहे, तेव्हा 'पण पुन्हा सांगतो' असे आपण म्हणतो त्यात एकच शब्द दोनदा येतो.